दारूचा प्याला उंचावणाऱ्या कवितेला एका पाद्र्यानं चाल लावली, पुढे तेच देशाचं राष्ट्रगीत झालं

सायकलपटू टादेय पोगाचार टूर द फ्रान्स जिंकतो, पिवळी जर्सी घालून पोडियमवर उभा राहतो आणि मग त्याच्या देशाचं, म्हणजे स्लोव्हेनियाचं राष्ट्रगीत वाजतं. नीट ऐकलं तर एक गोष्ट लक्षात येते. हे गाणं युद्धावर निघालेल्या सैन्याचं वाटत नाही. चाल शांत आहे, हळूहळू चढत जाणारी. चर्चमध्ये कॉयर गातो ना, साधारण तशी.

याला कारण आहे. ही चाल बांधणारा माणूस चर्चचाच होता. नाव स्टान्को प्रेमर्ल. पेशानं कॅथलिक धर्मगुरू आणि आयुष्यभराचं काम म्हणजे चर्चसाठी संगीत लिहिणं, वाजवणं आणि शिकवणं.

आता गंमत बघा. ज्या कवितेला त्यांनी चाल लावली तिचं नाव आहे झ्द्राव्लित्सा. याचा अर्थ मित्रांच्या आरोग्यासाठी प्याला उंचावणं. सोप्या भाषेत सांगायचं तर चीअर्स! कवितेची सुरुवातच द्राक्षाच्या नव्या वाईनपासून होते आणि कागदावर तिची कडवी छापली तर प्रत्येक कडव्याचा आकार वाईनच्या ग्लाससारखा दिसतो.

एका पाद्र्यानं अशा कवितेला चाल का लावली? आणि ती राष्ट्रगीत झाल्याचं त्यांना कधी कळलं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही कळलं.

द्राक्षांच्या खोऱ्यातला मुलगा

स्टान्को प्रेमर्ल यांचा जन्म २८ सप्टेंबर १८८० चा. गाव शेंट विड, म्हणजे संत विड यांच्या नावाचं गाव. हे गाव आजच्या स्लोव्हेनियाच्या पश्चिमेला, नानोस नावाच्या पठाराच्या पायथ्याशी, विपावा खोऱ्यात आहे. हे खोरं दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक म्हणजे इथले द्राक्षांचे मळे आणि दुसरं म्हणजे बुर्या नावाचा सोसाट्याचा वारा. इथे वाईन ही चैनीची वस्तू नाही, ते शेतकऱ्याचं पीक आहे. त्यामुळे वाईनचं नाव घेतलं म्हणून इथल्या पाद्र्याला धक्का बसण्याचं तसं कारण नव्हतं.

तेव्हा स्लोव्हेनिया नावाचा देश नव्हता. स्लोव्हेन लोक ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात राहायचे. वरच्या सरकारी कारभारात आणि उच्च शिक्षणात जर्मन भाषेचा दबदबा होता. स्लोव्हेन ही शेतकऱ्यांची भाषा समजली जायची. पण एक जागा अशी होती, जिथे गावोगावचे लोक दर रविवारी एकत्र जमून आपल्या भाषेत गायचे. ती जागा म्हणजे चर्च.

प्रेमर्ल ल्युब्लियानात धर्मशास्त्र शिकले आणि धर्मगुरू झाले. १९०४ मध्ये त्यांना पुढचं संगीत शिकायला व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत जायला मिळालं. १९०८ पर्यंत ते तिथे होते. म्हणजे ब्राम्स आणि ब्रुकनर ज्या शहरात काही वर्षांपूर्वीच वारले होते आणि जिथल्या ऑपेराचा प्रमुख तेव्हा गुस्ताव्ह मालर होता, त्या शहरात खेड्यातला हा तरुण पाद्री संगीत शिकत होता.

कविता आधी साठ वर्षांची होती

आता थोडं मागे जाऊ. झ्द्राव्लित्सा ही कविता लिहिली फ्रान्त्से प्रेशेरन यांनी, १८४४ मध्ये. प्रेशेरन पेशानं वकील. स्लोव्हेन भाषेत मोठी कविता लिहिता येते हे ज्यांनी दाखवून दिलं, ते हे कवी.

कवितेत ते प्याला उंचावून एकेकाचं नाव घेत जातात. आपला देश, आपल्या मुली, आपली तरुण मुलं, मग जगातली सगळी राष्ट्रं आणि शेवटी जमलेले मित्र. यातल्या एका कडव्यात शत्रूंचा समाचार घेतला होता. व्हिएन्नाच्या सेन्सॉरला ते खटकलं. हे काम बघणारे फ्रान्त्स मिक्लोशिच स्वतः स्लोव्हेन होते आणि नंतर भाषांचे मोठे अभ्यासक म्हणून गाजले. त्यांनी ते कडवं काढायला लावलं. प्रेशेरन यांनी मग एक कडवं काढण्याऐवजी आख्खी कविताच आपल्या संग्रहातून काढून घेतली.

१८४८ मध्ये युरोपभर क्रांतीची लाट आली, व्हिएन्नातली सेन्सॉरशिप कोसळली आणि त्याच वर्षी २६ एप्रिलला ही कविता एका साप्ताहिकात छापून आली. पुढच्याच वर्षी, ८ फेब्रुवारी १८४९ ला, प्रेशेरन गेले.

नंतर ते राष्ट्रकवी झाले खरे, पण कॅथलिक वर्तुळात त्यांच्याबद्दल कुरकुर होतीच. अँटन माहनिच नावाच्या धर्मपंडितानं तर १८८० च्या दशकात त्यांच्या प्रेमकवितांवर अनैतिक म्हणून कडाडून टीका केली होती.

१९०५: पुतळ्याचं वर्ष आणि चालीचं वर्ष

१० सप्टेंबर १९०५ ला ल्युब्लियानाच्या मधल्या चौकात प्रेशेरन यांचा पुतळा उभा राहिला. शिल्पकार होते इव्हान झायेत्स. कवीच्या डोक्यावर त्यांनी काव्यदेवता दाखवली होती, आणि ती अर्धनग्न होती. समोरच फ्रान्सिस्कन साधूंचं चर्च. बिशप अँटन बोनाव्हेंतुरा येग्लिच यांनी आक्षेप घेतला, शहरात वाद पेटला. शेवटी पुतळ्याच्या मागे बर्चची झाडं लावली गेली, म्हणजे चर्चच्या दारातून ती देवता दिसणार नाही. ती झाडं आजही ल्युब्लियानाच्या त्या चौकात दिसतात.

याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, प्रेमर्ल यांनी झ्द्राव्लित्साला चाल लावली. एकीकडे चर्चची मोठी माणसं प्रेशेरनच्या पुतळ्यावर नाराज होती आणि दुसरीकडे त्याच चर्चचा एक तरुण पाद्री प्रेशेरनची प्याल्याची कविता कॉयरसाठी लिहीत होता.

मुळात या कवितेला चाल लावणारे ते पहिले नव्हते. त्यांच्या आधी बेन्यामिन इपावेत्स यांनी तिला संगीत दिलं होतं. पण प्रेमर्ल यांनी तिच्याकडे मैफिलीतलं पिण्याचं गाणं म्हणून बघितलं नाही. त्यांची चाल सावकाश सुरू होते, वेगवेगळ्या आवाजांचे थर एकमेकांत मिसळतात आणि शेवटच्या ओळींवर येताना गाणं उंच जातं. चर्चच्या कॉयरसाठी लिहिणाऱ्याचा हात त्यात दिसतो. प्याला तोच राहिला, पण तो उंचावण्यात प्रार्थनेचा भाव आला.

पण लगेच काही घडलं नाही. मोठ्या मैफिलीत गायलं जाण्यासाठी या चालीला बारा वर्षं थांबावं लागलं.

कॅथेड्रलचा कॉयर आणि खेड्यातले ऑर्गनवादक

व्हिएन्नाहून परतल्यावर १९०९ मध्ये प्रेमर्ल यांच्याकडे ल्युब्लियानाच्या संत निकोलस कॅथेड्रलच्या कॉयरची जबाबदारी आली. त्यांच्या आधी हे काम अँटन फोर्स्टर यांनी चाळीस वर्षं केलं होतं. ऑर्गन शिकवणारी शाळाही प्रेमर्ल यांच्याकडे आली. १९११ पासून चर्च संगीताला वाहिलेल्या त्सेर्क्वेनी ग्लास्बेनिक या मासिकाचं संपादनही ते करू लागले.

ही तिन्ही कामं एकमेकांशी जोडलेली होती. ती समजली की प्रेमर्ल यांचं खरं आयुष्य समजतं.

त्या काळात चर्चमध्ये काय गायचं यावर मोठी चळवळ सुरू होती. एकोणिसाव्या शतकात अनेक चर्चमध्ये ऑपेरासारखं संगीत शिरलं होतं. सोलो गायकी, टाळ्या मिळवणारे आलाप, बँडबाजा. १९०३ मध्ये पोप पायस दहावे यांनी आदेशच काढला. मिस्सामध्ये ग्रेगोरियन गायन आणि जुनं सामूहिक गायन परत आणा, नाटकी संगीत बंद करा, पियानो आणि ढोल तर अजिबात नको. संगीत प्रार्थनेसाठी आहे, गायकाचं कौतुक करण्यासाठी नाही, असा त्याचा सूर होता.

आदेश काढणं सोपं, पण डोंगरातल्या खेड्यात तो पाळणार कोण? तिथे ऑर्गन वाजवणारा माणूस बहुतेक शेतकऱ्याचा मुलगा. त्याला नोटेशन वाचता आलं पाहिजे, कॉयर बसवता आला पाहिजे. ते काम ऑर्गनची शाळा करायची. खेड्यातून मुलं यायची, ऑर्गन, हार्मनी, गायन शिकायची आणि परत जाऊन आपल्या गावचं चर्च सांभाळायची. आणि शाळा संपल्यावर गाण्यासाठी नवीन काही हवं ना? ते मासिकातून यायचं. अंकासोबत गाण्यांच्या नोटेशनची पुरवणी असायची.

म्हणजे प्रेमर्ल गाणी लिहायचे, ती वाजवणारी माणसं घडवायचे आणि त्या माणसांपर्यंत गाणी पोचवायचे. मिस्सा, स्तोत्रं, मारियाची गाणी, ऑर्गनसाठी लहान तुकडे, अशा शेकडो रचना त्यांनी केल्या. गावच्या कॉयरला, जिथे चारच चांगले आवाज असतील तिथेही गाता येईल, असं त्यातलं बरंच काही होतं. अशी गाणी लोक वर्षानुवर्षं गातात. ती कुणी लिहिली हे मात्र कुणी विचारत नाही.

युद्धाच्या मधोमध एक मैफल

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरला आणि सोचा नदीच्या काठी, विपावा खोऱ्याच्या अगदी जवळ, युरोपातल्या भीषण आघाड्यांपैकी एक आघाडी उघडली. तोफा ओतायला धातू हवा म्हणून साम्राज्यानं चर्चच्या घंटा काढून नेल्या. नंतर ऑर्गनच्या कथिलाच्या नळ्यांवरही पाळी आली.

१९१७ मध्ये वारं फिरू लागलं. ३० मे ला अँटन कोरोशेत्स या स्लोव्हेन नेत्यानं, जे स्वतः धर्मगुरू होते, व्हिएन्नाच्या संसदेत एक जाहीरनामा वाचला. साम्राज्यातल्या स्लोव्हेन, क्रोएट आणि सर्ब लोकांना एकत्र करून स्वतःचं राज्य द्या, अशी ती मागणी होती. सप्टेंबरमध्ये बिशप येग्लिच यांनीही तिला जाहीर पाठिंबा दिला. गावोगाव सह्यांची मोहीम झाली आणि दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

याच वातावरणात १८ नोव्हेंबर १९१७ ला ल्युब्लियानाच्या युनियन हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये ग्लास्बेना मातित्सा या संगीत संस्थेची मैफल झाली. मातेय हुबाद यांनी कॉयरचं संचालन केलं आणि प्रेमर्ल यांची झ्द्राव्लित्सा पहिल्यांदा गायली गेली. ती लोकांच्या मनात लगेच बसली.

का बसली असेल? सातव्या कडव्यात प्रेशेरन सगळ्या राष्ट्रांच्या नावानं प्याला उंचावतात. सूर्य जिथे जिथे फिरतो तिथून भांडण हद्दपार व्हावं, प्रत्येक माणूस मोकळा असावा आणि सीमेपलीकडचा माणूस सैतान नसून शेजारी असावा, असा त्याचा आशय आहे. हॉलमध्ये बसलेल्यांची मुलं, भाऊ, नवरे त्या वेळी सीमेवर मरत होते. शेजारी या शब्दाचा अर्थ त्या संध्याकाळी त्यांना वेगळा समजावून सांगावा लागला नसणार.

घर एका देशात, काम दुसऱ्या देशात

वर्षभरात साम्राज्य कोसळलं. १ डिसेंबर १९१८ ला सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं राज्य उभं राहिलं, ज्याला पुढे युगोस्लाव्हिया म्हणू लागले. पण १९२० च्या रापालो करारानं नकाशावर अशी रेघ मारली की ल्युब्लियाना या बाजूला राहिलं आणि विपावा खोरं इटलीत गेलं. प्रेमर्ल यांचं काम एका देशात, जन्मगाव दुसऱ्या देशात.

त्या बाजूला फॅसिस्ट आले आणि स्लोव्हेन शाळा बंद झाल्या, संस्था बंद झाल्या, गावांची आणि माणसांची नावं इटालियन केली गेली. स्लोव्हेन भाषेत चारचौघांत गाण्यासाठी जागा उरली ती चर्चची. पण तीही सुरक्षित नव्हती. गोरित्सिया भागातले कॉयर संचालक लोयझे ब्रातुझ यांच्या कॉयरनं २७ डिसेंबर १९३६ ला चर्चमध्ये स्लोव्हेनमध्ये गायलं. मिस्सा संपल्यावर फॅसिस्टांनी त्यांना पकडून मारहाण केली आणि इंजिनचं तेल प्यायला लावलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ३४.

चर्चसाठी मातृभाषेतली साधी गाणी लिहिणं हे किती साधं काम नव्हतं, हे यावरून लक्षात येईल.

१९४१ मध्ये युद्ध ल्युब्लियानात आलं. आधी इटालियन फौजा. १९४२ च्या सुरुवातीला त्यांनी सगळ्या शहराभोवती काटेरी तारांचं कुंपण घातलं. १९४३ ला इटलीनं शरणागती पत्करली आणि जर्मन आले. जंगलात लढणाऱ्या पार्टिझन सैनिकांनी १९४४ मध्ये, कवितेला शंभर वर्षं झाली म्हणून, आपल्या गुप्त छापखान्यात झ्द्राव्लित्साची सचित्र आवृत्ती छापली. शत्रू शोधत असताना, लपून बसलेल्या छापखान्यात!

सगळं बंद झालं

मे १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि कम्युनिस्टांची सत्ता आली. नव्या राजवटीचं चर्चशी उघड वैर होतं. युद्धात चर्चचे बरेच वरिष्ठ कम्युनिस्टांच्या विरोधात उभे राहिले होते, बिशप ग्रेगोरी रोझमान देश सोडून गेले होते. त्याचा राग सगळ्याच धर्मगुरूंवर निघाला.

प्रेमर्ल यांच्यासाठी याचा अर्थ सरळ होता. ऑर्गनची शाळा बंद झाली, ३४ वर्षं संपादन केलेलं मासिक बंद झालं. ते परत सुरू झालं १९७६ मध्ये, म्हणजे प्रेमर्ल गेल्यावर अकरा वर्षांनी. तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. ज्या यंत्रणेतून त्यांची गाणी गावागावात पोचायची ती यंत्रणाच राहिली नाही.

चर्चची धुरा आता अँटन वोव्ह यांच्याकडे होती. योगायोग असा की वोव्ह हे कवी प्रेशेरन यांच्याच कुळातले, आणि जन्मही व्र्बा गावात प्रेशेरन यांच्या घरातला. जानेवारी १९५२ मध्ये नोव्हो मेस्टोच्या रेल्वे स्टेशनवर जमावानं बिशप वोव्ह यांच्या अंगावर पेट्रोल ओतून त्यांना पेटवून दिलं. ते वाचले, पण त्या जखमा आयुष्यभर राहिल्या.

त्याच वर्षी प्रेमर्ल यांच्या जन्मगावाचं नावही बदललं. गावांच्या नावातले संत काढून टाकायचं धोरण होतं. शेंट विडचं पॉडनानोस झालं, म्हणजे नानोसच्या खालचं गाव. इटालियन राजवटीनं नाव बदललं होतं, आता आपल्याच लोकांनी बदललं.

गावचा संत गेला, पण गावातल्या माणसानं लिहिलेली चाल कुणी काढून टाकली नाही. कारण प्रेशेरन सगळ्यांना हवे होते. त्यांचा मृत्यूदिन ८ फेब्रुवारी १९४५ मध्येच सांस्कृतिक दिन म्हणून जाहीर झाला होता. ज्या राजवटीला पाद्री नको होते, तिच्या काळातही त्या पाद्र्याच्या चालीवर लोक गात राहिले.

मार्च १९६५

७ मार्च १९६५ हा कॅथलिक जगतासाठी मोठा दिवस होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे बदल त्या दिवसापासून लागू झाले. शतकानुशतकं लॅटिनमध्ये चालणारी मिस्सा आता लोकांच्या भाषेत म्हणायला परवानगी मिळाली. रोममध्ये पोपनीच इटालियन भाषेत मिस्सा म्हटली.

बरोबर एका आठवड्यानं, १४ मार्च १९६५ ला, ल्युब्लियानात स्टान्को प्रेमर्ल यांचं निधन झालं. वय ८४. ज्या शहरात त्यांनी आयुष्य काढलं तिथे त्यांच्या डोळ्यांसमोर पाच राजवटी आल्या: ऑस्ट्रियाचा सम्राट, युगोस्लाव्हियाचा राजा, इटालियन, जर्मन आणि कम्युनिस्ट. स्वतंत्र स्लोव्हेनिया त्यांना दिसला नाही.

आणि मग राष्ट्रगीत

१९८० च्या दशकाच्या शेवटी युगोस्लाव्हियाला तडे जाऊ लागले. स्लोव्हेनियाच्या विधानसभेनं २७ सप्टेंबर १९८९ ला आपल्या राज्यघटनेत मोठे बदल केले आणि झ्द्राव्लित्साला प्रजासत्ताकाचं गीत केलं. दुसऱ्या दिवशी प्रेमर्ल यांचा १०९ वा वाढदिवस होता.

खरं तर स्लोव्हेन लोकांकडे आधीपासून एक गीत होतं. झेंडा पुढे न्या असं सांगणारं, लढाईच्या जोशातलं. युगोस्लाव्हियाच्या राजवटीत ते राष्ट्रगीताचा भागही होतं. पण देश उभा राहताना निवड झाली ती प्याल्याच्या गाण्याची, शेजाऱ्याला शेजारी म्हणणाऱ्या सातव्या कडव्याची. २५ जून १९९१ ला स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, दहा दिवसांचं युद्ध झालं आणि देश जगाच्या नकाशावर आला.

आज स्लोव्हेनियाच्या दोन युरोच्या नाण्यावर प्रेशेरन यांचा चेहरा आहे आणि सोबत त्याच कडव्यातले शब्द आहेत. कवितेला युरोपियन युनियननं युरोपच्या सामायिक वारशाचा दर्जाही दिला आहे. नाण्यावर कवी आला, चौकात कवीचा पुतळा आहे, कवीच्या नावानं सुट्टी आहे. संगीतकाराचं नाव मात्र तितकं घेतलं जात नाही.

पण प्रेमर्ल यांनी आयुष्यभर हेच तर केलं होतं. लोकांनी गावं आणि कुणी लिहिलं ते विसरून जावं, अशी गाणी लिहिली. चर्चसाठी शेकडो लिहिली आणि चर्चच्या बाहेर पडून लिहिलेलं एक गाणं सगळ्या देशाचं झालं. पुढच्या वेळी पोगाचार पोडियमवर उभा राहील तेव्हा ऐकून बघा. स्टेडियममध्ये, ढोलताशांच्या आणि जल्लोषाच्या मधोमध, मिनिटभर तुम्हाला ल्युब्लियानाच्या कॅथेड्रलचा कॉयर ऐकू येईल.